सुगंध आधी डोळ्यांना दिसतो!

मैत्रिणींनो, आज एक गोष्ट कबूल करते. ह्यांच्या वाढदिवसाला मी आफ्टरशेव्ह आणायला गेले होते. दुकानातल्या मुलीनं कपाटातून पाच-सहा बाटल्या काढून समोर मांडल्या. कागदाच्या पट्ट्यांवर फवारून वासही घ्यायला दिले. तिसऱ्या वासानंतर माझं नाक बंदच पडलं! कुठला लिंबाचा, कुठला चंदनाचा, काही म्हणजे काही कळेना. मग मी काय केलं असेल? सरळ बाटल्यांकडे बघितलं. एक होती गडद निळी, जाड काचेची, चौकोनी खांद्यांची. हातात घेतली तर चांगली वजनदार. तीच घेतली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी दाढी झाल्यावर दोन थेंब गालाला चोळले, तोंड वाकडं केलं आणि तिसऱ्या दिवसापासून पुन्हा आपला तुरटीचा खडा! ती निळी बाटली अजून बेसिनवरच्या फळीवर उभी आहे. दिसते मात्र छान हं.

नंतर माझं मलाच हसू आलं. लावायचं त्यांनी, वास यायचा घरभर, आणि मी निवडलं काय बघून? तर बाटलीचे खांदे! पण ही सवय काही माझी एकटीची नाही. सुगंध नाकाच्या आधी डोळ्यांनी निवडायला ज्यांनी जगाला शिकवलं, त्यात एका माणसाचं नाव फार वरचं आहे. फ्रान्स्वा कोती. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या काही जणींनी पावडरच्या डब्यावर हे नाव 'कोटी' असं वाचलंही असेल. त्या डब्यामागच्या माणसाची गोष्ट एखाद्या कादंबरीसारखी आहे. वर चढण्याची आहे, तशीच घसरण्याचीही.

कोतीचा जन्म ३ मे १८७४ चा. गाव आजाक्सिओ, कॉर्सिका बेटावरचं. नेपोलियनही याच गावचा. कोतीचं खरं आडनाव स्पोतुर्नो. लहानपणीच आईवडील गेले. मग पणजीनं सांभाळलं आणि पणजीनंतर मार्सेला राहणाऱ्या आजीनं. घरची श्रीमंती नाही, मोठं शिक्षण नाही. पण पोरगा बोलका, देखणा आणि धाडसी. सैन्यातली काही वर्षं उरकून तो पॅरिसला आला. एमान्युएल आरेन नावाचे कॉर्सिकाचेच एक राजकारणी होते, त्यांच्याकडे त्याला काम मिळालं. गावचा माणूस शहरात असला की आधार होतो, हे तिकडेही आपल्यासारखंच!

१९०० साली त्याचं लग्न झालं. बायकोचं नाव इव्हॉन. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे. पॅरिसमध्ये स्पोतुर्नो हे आडनाव परकं वाटायचं. म्हणून त्यानं आईचं माहेरचं आडनाव 'कोती' घेतलं आणि त्याचं स्पेलिंगही जरा फ्रेंच वाटेल असं बदललं. म्हणजे बघा, स्वतःचं लेबल त्यानं सगळ्यात आधी बदललं.

त्याचा एक मित्र होता, रेमों गोएरी. त्याचं औषधांचं दुकान होतं. त्या काळात औषधवालेच कोलन वॉटर तयार करून विकत. कोलन म्हणजे लिंबू-संत्र्याच्या सालीचं तेल आणि अशाच इतर ताज्या वासांचा अर्क स्पिरिटमध्ये मिसळून केलेलं सुगंधी पाणी. दाढी झाल्यावर पुरुष ते गालाला चोळत, बायका रुमालावर शिंपडत. आजच्या आफ्टरशेव्हचं हे आजोबाच म्हणा ना! कोतीनं याच मित्राच्या दुकानात हे मिसळणं शिकून घेतलं आणि स्वतःचं पहिलं कोलन बनवलं. तिथंच कळलं की या माणसाचं नाक साधं नाही.

पण नुसत्या नाकावर धंदा होत नाही, शिक्षण लागतं. मग तो दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास या गावी गेला. ग्रास म्हणजे फ्रान्सचं कन्नौज. आजूबाजूला गुलाब आणि जाईची शेतं आणि गावात अत्तराचे कारखाने. तिथल्या शिरिस या नामांकित घराण्याच्या कारखान्यात कोती फुलांपासून अर्क कसा काढतात ते शिकला. त्याच सुमाराला रसायनशाळेत तयार झालेले सुवासही बाजारात येऊ लागले होते. जुने अत्तरवाले त्यांच्याकडे जरा नाक मुरडून बघत. कोतीनं मात्र फुलांचे अर्क आणि नवी रसायनं यांचा मेळ घातला. वास ठसठशीत झाला, टिकाऊ झाला आणि थोडा स्वस्तही पडू लागला.

१९०४ साली तो पॅरिसला परतला तो 'ला रोझ जाक्मिनो' नावाचं गुलाबाचं अत्तर घेऊन. पिशवीत बाटल्या घालून दुकानं पालथी घालू लागला. मोठी दुकानं झाली, न्हाव्यांची दुकानं झाली. कोणी दारात उभं करीना. घरोघरी साबण-पावडर विकणाऱ्या आपल्या मैत्रिणींना हा अनुभव चांगला ठाऊक असेल.

आणि मग तो प्रसिद्ध किस्सा घडला. 'लूव्र' नावाचं पॅरिसमधलं मोठं दुकान, आपण आज मॉल म्हणतो तसं. तिथंही नकारच मिळाला. तेवढ्यात कोतीच्या हातून एक बाटली काउंटरवर पडली आणि फुटली! गुलाबाचा घमघमाट दुकानभर पसरला. खरेदीला आलेल्या बायका गोळा झाल्या, हे कुठलं अत्तर म्हणून विचारू लागल्या. बघता बघता त्याच्याजवळचा सगळा माल संपला आणि दुकानानं त्याला विक्रीसाठी जागा दिली. बाटली चुकून पडली की मुद्दाम पाडली, यावर लोक अजून बोलतात. त्या बायकासुद्धा त्यानंच पैसे देऊन उभ्या केल्या होत्या, असंही काही जण म्हणतात. काही का असेना, या एका अत्तरानं त्याला लक्षाधीश केलं. पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, 'लोरिगाँ' हे दुसरं अत्तर आलं आणि तेही चाललं.

आता गंमत बघा. ज्या माणसाचं नशीब बाटली फुटल्यामुळे उघडलं, त्यानं यातून काय धडा घ्यावा? आपल्याला वाटेल, वास चांगला असला की झालं, बाटलीचं काय एवढं! कोतीनं नेमका उलटा विचार केला. दर वेळी, दर दुकानात बाटली फोडणं काही शक्य नाही. बूच बंद असताना वास बाहेर येत नाही. मग बंद बाटलीजवळ बाईनं थांबावं कसं? तर त्या बाटलीनंच तिला थांबवलं पाहिजे. सुगंध दिसत नाही, तो दिसला पाहिजे. वस्तू उत्तम असावी आणि तिचं रूपही तितकंच उत्तम असावं, हे त्याच्या धंद्याचं सूत्र झालं.

त्या काळाची पद्धत काय होती, हे सांगितल्याशिवाय यातलं नवेपण कळणार नाही. अत्तर बहुतेक वेळा औषधाच्या असतात तशा साध्या बाटलीत मिळायचं. श्रीमंत बायका ते घरी आणून आपल्या शोभिवंत कुपीत ओतून ठेवत. आपल्याकडे नाही का, अत्तरवाल्याकडून कापसाचा फाया नाहीतर छोटी शिशी यायची आणि चांदीची अत्तरदाणी घरची असायची! म्हणजे सुंदर कुपी ही ज्याच्या घरी चांदी-बिलोर आहे त्याचीच मिरास. कोतीनं आपल्या गुलाबाच्या पहिल्या अत्तरासाठी बाकारा या नामांकित काचकारखान्याच्या बाटल्या वापरल्या होत्या. पण तशा बाटल्या महाग पडत. चार बायकांना पुरत्या, चार लाख बायकांना नाही.

अशा वेळी त्याला शेजारी भेटला, आणि शेजारी म्हणजे कोण, तर रने लालिक! कोतीचं दुकान पॅरिसच्या प्लास व्हाँदोम या झगमगत्या चौकात आलं आणि लालिकचंही तिथंच होतं. लालिक हा त्या काळातला अतिशय गाजलेला जवाहिऱ्या. त्याच्या दागिन्यांत हिऱ्या-माणकांचा थाट कमी. शिंग, मीनाकारी आणि काच यांतून तो चतुर, मोर, फुलं अशी जिवंत करायचा. साधारण १९०७-०८ च्या सुमाराला कोतीनं त्याला आपल्या अत्तरांसाठी लेबलं आणि मग बाटल्या करायला सांगितल्या. आधी लालिकचा स्वतःचा काचकारखानाही तयार नव्हता, बाटल्या दुसऱ्यांकडून करून घ्याव्या लागल्या. पण काम इतकं वाढलं की १९०९ मध्ये त्यानं पॅरिसबाहेर कोंब्ज-ला-व्हील इथला कारखाना भाड्यानं घेतला आणि पुढे विकतच घेतला. अत्तराच्या बाटल्यांनी एका जवाहिऱ्याचं आयुष्यच बदलून टाकलं. दागिने मागे पडले आणि तो काचेचा जादूगार झाला.

या बाटल्यांत विशेष काय होतं? लालिक आधी एक सुंदर नमुना तयार करी. त्यावरून धातूचा साचा बनवायचा आणि त्या साच्यात काच फुंकून किंवा दाबून एकसारख्या बाटल्या काढायच्या. साचा एकदा झाला की बाटल्या हजारो निघत. म्हणजे कारागिरी कलावंताची आणि किंमत कारखान्याची! मग काही भाग आम्लानं धुऊन धुरकट करायचे, नक्षीच्या खाचांत तपकिरी किंवा निळसर रंग चोळायचा, म्हणजे आकृत्या उठून दिसत. काचेची बुचं मात्र घासून त्या त्या बाटलीच्या तोंडाला बेतावी लागत. एका बाटलीचं बूच दुसरीला बसत नसे. म्हणून बाटलीवर आणि बुचावर जोडीचे आकडे घालत. लग्नाच्या गाठीच म्हणा ना!

१९१० सालच्या 'आम्ब्र आंतिक' या अत्तराची बाटली बघा. धुरकट काच आणि तिच्यावर गोल फिरणाऱ्या, चुणीदार वस्त्रं नेसलेल्या प्राचीन काळातल्या स्त्रिया. आत काय आहे हे नाकाला कळायच्या आधी डोळ्यांना कळतं की काहीतरी जुनं, उबदार, गूढ असणार. बाटली आपल्याशी बोलते ती अशी. धुरकट काच हाताला मऊ लागते, तर वासही मऊ असेल असं वाटतं. जड काच असली की माल भारी वाटतो. निमुळती मान नाजूकपणा सांगते, चौकोनी खांदे भक्कमपणा सांगतात. निळ्या बाटलीपुढे माझं काय झालं, ते आता कळलं ना?

कोतीनं याच्याही पुढची पायरी गाठली. त्याच अत्तराच्या छोट्या, कमी किमतीच्या बाटल्या काढल्या, म्हणजे दुकानात काम करणारी मुलगीसुद्धा पगारातून एखादी घेऊ शकेल. एकाच वासाची अत्तर, पावडर, साबण अशी जोडी जुळवून भेटीच्या पेट्या काढल्या. आज दिवाळीत आपण गिफ्ट पॅक देतो-घेतो, त्याच्या मुळाशी असलीच कल्पना. पॅरिसजवळ स्यूरेन इथं त्यानं मोठा कारखाना उभा केला. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समधून मायदेशी परतणारे अमेरिकन सैनिक आई-बायकोसाठी कोतीच्या बाटल्या घेऊन गेले आणि अमेरिकेत त्याचं नाव घरोघरी झालं. तिथं तयार अत्तरावर जबर जकात होती. मग यानं काय करावं? अर्क वेगळा, बाटल्या वेगळ्या, खोकी वेगळी पाठवली आणि न्यूयॉर्कमध्ये सगळं एकत्र करून विकलं! १९१७ मध्ये आलेलं त्याचं 'शिप्र' तर इतकं गाजलं की त्या धर्तीच्या वासांच्या सगळ्या कुळालाच पुढे तेच नाव पडलं.

हे झालं चढणं. आता घसरण.

१९२०च्या दशकात कोती जगातल्या अतिश्रीमंतांपैकी एक होता. राजवाड्यांसारखी घरं त्यानं विकत घेतली, बांधली. १९२२ मध्ये 'ल फिगारो' हे फ्रान्समधलं मातब्बर वृत्तपत्र ताब्यात घेतलं. १९२८ मध्ये 'लामी द्यू पप्ल', म्हणजे जनतेचा मित्र, नावाचं दैनिक काढलं आणि इतरांच्या निम्म्याहूनही कमी किमतीला विकलं. धंद्याची अक्कल तीच, वरचं आवरण आकर्षक आणि भाव स्वस्त. पण आत काय होतं? ज्यू लोकांविरुद्धचा द्वेष. लोकशाहीविरुद्धचं विष. १९३३ मध्ये त्यानं फॅसिस्टांच्या वळणावर जाणारी एक संघटनाही काढली. ज्या माणसानं सामान्य बायकांच्या हातात सुंदर वस्तू दिली, त्यानंच सामान्य माणसांच्या मनात हे ओतावं, याचं वाईट वाटतं. त्याचं कौतुक करताना हे गाळून पुढे जाणं मला तरी जमत नाही. नावातली जनता आणि मित्र हे शब्द म्हणजे नुसतं लेबल होतं.

आणि घरात? इव्हॉनशी कधीच पटेनासं झालं होतं. त्याच्या आयुष्यात दुसऱ्या बायका होत्या. १९२९ मध्ये घटस्फोट झाला. ठरलेली मोठी रक्कम हप्त्याहप्त्यानं द्यायची होती. त्याच वर्षी जागतिक मंदी आली, वर्तमानपत्रांत पैसा बुडतच होता, आणि हप्ते थकले. प्रकरण न्यायालयात गेलं आणि त्याच्या संपत्तीचा मोठा भाग, 'फिगारो'सकट, इव्हॉनकडे गेला. २५ जुलै १९३४ ला लूव्हसिएन इथल्या घरी कोती वारला. वय अवघं साठ.

सुरुवातीच्या दिवसांत हा माणूस घरी अत्तर कालवायचा तेव्हा ते बाटल्यांत भरायला, बाटल्या सजवायला इव्हॉनच हातभार लावायची, असं सांगतात. म्हणजे पहिल्या बाटल्यांना रूप देणारा हात बायकोचा! इतिहासात नाव त्याचं राहिलं. पण कंपनी तगली ती तिच्या मालकीत. तीस वर्षांनी, १९६३ मध्ये, ती अमेरिकेतल्या फायझर या औषध कंपनीला विकली गेली, तेव्हा विकणारी होती इव्हॉनच. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात आवडतो.

कोतीनं शिकवलेला धडा त्याच्या मागे पुरुषांच्या फळीवरही पोचला. तो गेल्यावर चारच वर्षांनी, १९३८ मध्ये, अमेरिकेत शुल्टन कंपनीनं पुरुषांसाठी 'ओल्ड स्पाइस' आणलं. पांढरीशुभ्र बाटली आणि तिच्यावर शिडाचं जहाज! माझ्या वडिलांच्या दाढीच्या डब्याशेजारीही अशी एक बाटली असायची. सांगलीपलीकडे फारसे न गेलेले माझे वडील ते दोन थेंब गालावर मारून सायकलवर टांग टाकत, तेव्हा दर्यावर्दी असल्यासारखे दिसत. बाटलीतलं पाणी संपल्यावर आईनं ती टाकली नाही. कितीतरी वर्षं तिच्यात मनीप्लँट होतं.

तेव्हा बाटलीला भुलणं हा काही गुन्हा नाही, मैत्रिणींनो. वास शब्दांत सांगता येत नाही, दुकानात नाक लवकर दमतं, मग डोळा आणि हात मदतीला येणारच. पण एक लक्षात ठेवायला हवं. पहिली बाटली डोळा घेतो, दुसरी नाक घेतं. कोतीची अत्तरं वर्षानुवर्षं चालली ती नुसत्या लालिकच्या काचेमुळे नाही, आतल्या मालामुळेही. आणि त्याचं वर्तमानपत्र? त्याच्या नावावरचा डाग तेवढा उरला.

आमच्या बचत गटातल्या बायका दिवाळीला उटणं करतात. माल एकदम अस्सल, पण प्लॅस्टिकच्या पिशवीला स्टेपल मारलेली. गेल्या वेळी निम्मं परत आलं. यंदा खोक्यावर खर्च करायचा की नाही, यावर बैठकीत चांगलाच वाद झाला. एकीचं म्हणणं, देखावा कशाला? दुसरीचं म्हणणं, गिऱ्हाइकानं हातात घेतल्याशिवाय वास घेणार कसा? मी त्यांना कोतीची गोष्ट सांगितली, फुटलेल्या बाटलीपासून फिगारोपर्यंत. मग ठरलं, खोकं छान करायचं, पण त्यासाठी उटण्यातला नागरमोथा आणि कचोरा एक चिमूटही कमी करायचा नाही.

आणि ती निळी बाटली? पुढच्या वाढदिवसाला ह्यांनाच दुकानात घेऊन जाणार आहे. मी बाटल्या बघेन, ते वास घेतील!